आल्बाचा वाटा

मार्चचा तेहतिसावा दिवस
(रोमच्या मोजणीने एप्रिलचा दुसरा)

रुतिला,

मागच्या दोन्ही पाट्या परत मिळाल्या. मेण अगदी सपाट केलेलं होतं. मी त्या उजेडात तिरक्या धरून पाहिल्या, खाली लाकडावर माझ्या अक्षरांचे ओरखडे राहिलेत का म्हणून. काही नव्हतं. तू वाचून पुसलंस की न वाचता, हे कळायला मार्ग नाही. आत्तुसला विचारलं. तो म्हणाला, "तुझ्या बहिणीने पाटी घेतली, आत गेली, बाहेर आली, पाटी दिली. मी तोवर खेचराला पाणी पाजलं. खेचर भरपूर पाणी पितं." यावरून अंदाज बांधायचा तर तू वाचलं असावंस. पण अंदाज तो अंदाज.

आत्तुस साबाइन आहे. मिठाची पोती घेऊन डोंगरात जातो आणि चीज घेऊन परततो. आता तो माझ्यासाठी वाट वाकडी करून तुझ्या बोविलीवरूनही जातो. त्याला अक्षर येत नाही, म्हणून तोच बरा.

वरची तारीख मी आपली लिहिली आहे. इथे रोममध्ये मार्च एकतीस दिवसांत संपतो. कालच्या एप्रिलच्या पहिल्या दिवशी मी हजेरीच्या पाटीवर चुकून 'मार्च, बत्तीस' लिहिलं. वोलेरो खूप हसला. "लेखनिक, तुमच्या आल्बात हिवाळा संपतच नव्हता की काय?" मी म्हटलं, आमचा मार्च छत्तीस दिवसांचा असतो. तो म्हणाला, "असायचा." मग खाडाखोड केली.

वोलेरो म्हणजे इथल्या राजाचा माणूस. या वर्षापासून आपल्या डोंगरावरच्या लॅटिन लोकांच्या जत्रेची व्यवस्था त्याच्याकडे आली आहे. माणूस वाईट नाही. मला शिसवासारख्या काळ्या लाकडाची नवी लेखणी त्यानेच दिली. त्याला यादी हवी आहे. आपल्या घराण्यात तीन पिढ्या जी यादी पुकारली जाते, ती. तीस गावांची.

त्याने यादी वाचली आणि पहिल्याच नावावर बोट ठेवलं.

"हे काढा."

"आल्बा?"

"गावच नाही तर वाटा कुणाला द्यायचा? भिंतींना?"

मी म्हटलं, माणसं आहेत. इथेच आहेत, केलिअस टेकडीवर.

"तेच म्हणतोय मी. ती आता रोमची माणसं. रोमचा वाटा रोमला मिळेलच." मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघा, आल्बा आमची आई. रोम वसवणारे आमचे ते जुळे भाऊ तिच्याच पोटचे, हे आम्ही कधी नाकारलंय का? पण आई मुलाकडे कायमची राहायला आली, की तिचं वेगळं घर मांडून ठेवत नाहीत. एकाच चुलीवर शिजतं."

मी नीट तपासून पाहिलं, यात चूक कुठे आहे. मला सापडली नाही. सापडली नाही म्हणजे नाही असंही नाही. आठ वर्षं गाबीच्या शाळेत मी एवढंच शिकलो.

आई थंडीची तक्रार करत नाही.

सेर्तोर


एप्रिलचा चौथा दिवस
(रोमचा नववा)

रुतिला,

पाटी परत आली. सपाट.

आज यादीबद्दलच लिहितो, कारण बाकी काही घडलेलं नाही.

तू विचारणार नाहीस, पण विचारलंस असं धरून उत्तर देतो: अजून मी नाव काढलेलं नाही. जत्रेला सतरा दिवस आहेत. वोलेरो रोज विचारतो. मी रोज सांगतो, मेण गार आहे, अक्षर उमटत नाही. तेवढी थंडी आता नाही. पण सकाळी मेण गार असतं हेही खोटं नाही.

नियम तुलाही पाठ आहे. पांढरी कालवड कापली, की एकेका गावाचं नाव पुकारायचं, त्या गावच्या माणसाने ताट पुढे करायचं, वाटा घ्यायचा. एखादं गाव राहिलं, तर त्या गावच्या माणसाने तिथल्या तिथे विचारायचं, "आमचा वाटा?" मग सगळं पहिल्यापासून. नवी कालवड, नवं दूध, पुन्हा सगळी नावं. आजोबांना ऐन वेळी खोकला आला आणि नोमेन्तुम राहून गेलं, ती गोष्ट आठवते का? नोमेन्तुमचा तो बुटका म्हातारा ताट आपटत उभा राहिला आणि एकोणतीस गावं दोन दिवस जास्त डोंगरावर कुडकुडली. त्यानंतर आजोबा जत्रेच्या आधी महिनाभर मध खायचे. नोमेन्तुमच्या लोकांना बघितलं, की मात्र हटकून खोकायचे.

म्हणजे ज्याचं नाव यादीत आहे ते गाव आहे. भिंती पडल्या तरी आहे. आणि ज्याचं नाव एकदा पुकारलं गेलं नाही आणि कुणी विचारलंही नाही, ते पुढच्या वर्षी कुणाला आठवायचं कारण नाही. आपली पूजा, आपले मंत्र, आपला छत्तीस दिवसांचा मार्च, सगळं त्या एका नावाला टांगलेलं आहे. हे मी वोलेरोला सांगितलं.

तो म्हणाला, "मग विचारा की. पुकारून झालं की उभं राहून विचारा, आमचा वाटा कुठे. तुम्हीच आल्बाचे, तुम्हीच पुकारणारे. काय मजा येईल!" मग हसू आवरून म्हणाला, "नका विचारू हां. इथे तुमच्या सोळाशे माणसांच्या झोपड्यांना अजून छप्परं व्हायचीत. लाकूड राजाकडून यायचंय."

तो धमकी देत नव्हता. खरंच काळजीने सांगत होता. मला वाटतं, त्याचं हेच अवघड आहे.

शेजारची मानिआ माझ्यावर रागावली आहे. ती आपल्या तळ्याकाठच्या आळीतली, जाळी विणणारी. काल दारात येऊन म्हणाली, "अरे सेर्तोर, तुझ्या बापाने पुकारलं की पार तळ्यापर्यंत ऐकू यायचं. तू काय करणारेस, ओठात पुटपुटणार? की गिळणार?"

मी म्हटलं, मावशी, विचार करतोय.

"तू विचार करायला लागलास की आमचं काहीतरी पडतं," ती म्हणाली आणि गेली.

तिला चुन्याचं ठाऊक आहे. सगळ्यांनाच आहे.

सेर्तोर


एप्रिलचा बारावा दिवस
(रोमचा सतरावा)

रुतिला,

पाटी सपाट आली. आज मला दोन गोष्टी लिहायच्या आहेत. दोन्ही मी टाळल्या आहेत. पहिली तुला माहीत आहे, म्हणून ती आधी.

रोमचे घोडेस्वार आले त्या सकाळी त्यांच्या नायकाने विचारलं, इथे लिहिता-वाचता कुणाला येतं? लोकांनी मला पुढे केलं. त्याने माझ्या हातात चुन्याचं मडकं आणि कुंचला दिला. म्हणाला, देवळांना हात लावायचा नाही असा हुकूम आहे, आम्हाला तुमचं देऊळ कुठलं नि गोठा कुठला ते कळत नाही, तुम्ही खुणा करा. पांढरा पट्टा असेल ते राहील.

मी अकरा देवळांवर पट्टे मारले. तू अग्नीच्या मंदिरातून निखाऱ्यांचं मडकं घेऊन बाहेर आलीस आणि आपल्या दारापाशी उभी राहिलीस. तू म्हणालीस, "इथे मार."

मी म्हटलं, हे घर आहे.

"घरात चूल आहे. चुलीपाशी देव आहेत. मार."

मी म्हटलं, असं धरलं तर प्रत्येक घर देऊळ होईल.

"मग प्रत्येक घरावर मार! मडक्यात चुना आहे ना?"

होता. दोन हात मारण्याइतका होता. मी वाकून पाहिलं होतं. एका दारापुरता. आणि मी विचार करत राहिलो, की एक खूण खोटी निघाली तर ते अकराही खुणा खोट्या मानतील. हा विचार चूक होता असं मला आजही सिद्ध करता येत नाही. आई उंबऱ्यावर बसली होती. ते आढ्याला दोर बांधायला लागले तेव्हा मी तिला हाताला धरून उठवलं. ती निमूट उठली. तू डोंगराकडे चालू लागलीस. मागे वळली नाहीस.

आढं पडलं तेव्हा मला काही वाटलं नाही. पुढे तरी वाटेल म्हणून मी थांबलो होतो. वाटेत, इथे आल्यावर, झोपडी उभी करताना. सुन्न हा शब्दही मोठा होतो. पायाला मुंग्या येतात, त्याच्या आधी पाय जसा असतो, तसं.

दुसरी गोष्ट.

आई हिवाळ्यात गेली. खोकल्याने, सहा दिवसांत. मी तुला 'आई थंडीची तक्रार करत नाही' असं लिहिलं. ते खरं होतं. मी अशी खरी वाक्यं तीन पत्रांत लिहिली. पहिल्या पाटीवर 'आईची जागा चुलीजवळच आहे' असं होतं. तेही खरं. तिची राख चुलीजवळच्या फळीवर आहे.

शेवटपर्यंत ती रोज सकाळी विचारायची, "आज कितवा?" मी रोमची तारीख सांगितली की तोंड फिरवायची. आपली सांगितली की पेज घ्यायची. आदल्या दिवशी म्हणाली, "तू बरोबरच केलंस रे. ते देऊळ नव्हतंच. छपरातून गळायचं." ती चेष्टा करत होती की क्षमा, हे मला ठरवता आलेलं नाही. दोन्ही नसेल. नुसतं छपराबद्दल असेल.

इथे रोममध्ये माणसाला खड्ड्यात पुरतात किंवा राख साध्या मडक्यात ठेवतात. आपल्यासारखं राखेसाठी मातीचं छोटं घर इथला कुंभार करत नाही. मी विचारलं तर म्हणाला, "बाहुल्या खेळायच्यात का?" म्हणून मी स्वतः केलं. गोल भिंत, उतरतं छप्पर, वर आढ्याच्या काटक्या. दाराला खुंटी. माझं काम चांगलं नाही. भाजताना एका बाजूला कललं. मानिआ बघून म्हणाली, "दार लहान झालंय. तुझी आई वाकायला तयार होणार नाही." मग तिनेच आत राख भरली. मी धरून होतो.

आल्बात पुरायला हवं. पण आल्बात कुठे?

नाव मी काल काढलं. मेण मऊ होतं.

सेर्तोर


एप्रिलचा तेविसावा
(रोमचा अठ्ठाविसावा)

रुतिला,

या वेळी पाटी सपाट नव्हती. माझी सगळी अक्षरं तशीच होती. फक्त एका जागी, 'आई हिवाळ्यात गेली' या ओळीवर, तुझ्या अंगठ्याचा ठसा होता. खोल. 'गेली' हा शब्द त्याखाली दबला आहे. मी ही पाटी पुसलेली नाही. हे पत्र दुसऱ्या पाटीवर लिहितो आहे.

तू परवा डोंगरावर होतीस. मी पाहिलं. बोविलीच्या बायकांत मागे उभी होतीस, डोक्यावरून पदर ओढून, आणि हातात आपलं पितळी ताट होतं. ते तू कधी घराबाहेर काढलंस मला माहीत नव्हतं. मी समजत होतो, ते आढ्याखाली गेलं.

तू काय पाहिलंस ते तुला माहीत आहे. मी काय केलं ते लिहितो, म्हणजे निदान दोन्ही बाजूंनी सारखं राहील.

झाडांना नेहमीसारखे मुखवटे टांगले होते. पोरी झोके घेत होत्या. आरिकियाचे लोक नेहमीसारखे गाबीच्या चीजला नावं ठेवत होते. कालवड शांत होती. वोलेरोने सुरी चांगली चालवली. मग मला खूण केली.

मी पहिलं नाव रोम पुकारलं. मग आरिकिया. मग बोविली. आवाज नीट लागला. मला खोकलाही आला नाही. एकोणतीस नावं झाली. त्यानंतर थोडी जागा असते, तुला माहीत आहे. सुरी पुसेपर्यंतची. तेवढ्यात कुणाला विचारायचं असेल तर विचारायचं.

तू ताट छातीशी धरून माझ्याकडे बघत होतीस. तुला विचारता येत नाही. विचारायला गावचा पुरुष लागतो, आणि आल्बाच्या पुरुषांपैकी तिथे मी एकटाच होतो. बाकीच्यांना वोलेरोने आणलंच नव्हतं. मी मनात म्हटलं, आता. सुरी एका बाजूने पुसून झाली. मी म्हटलं, आता. छपरांचं लाकूड, मानिआची झोपडी, सोळाशे माणसं, हे सगळं मी पुन्हा एकदा तपासलं. तोवर सुरी दुसऱ्या बाजूनेही पुसून झाली होती.

वोलेरो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "झालं बघा. उगाच घाबरत होतात."

मी पुन्हा त्या गर्दीत पाहिलं. बोविलीच्या बायका होत्या. तू नव्हतीस.

रोमच्या वाट्यातला तुकडा मलाही मिळाला. मी खाल्ला. चव मांसाची होती.

आजोबांचं एक मला सारखं आठवतं आहे. आपले घरचे देव लाविनियमहून आल्बात आणले, आणि दुसऱ्या सकाळी ते आपोआप लाविनियमला परत जाऊन बसले होते. पुन्हा आणले, पुन्हा गेले. दारं बंद, कड्या लावलेल्या. ही गोष्ट सांगून झाली की आजोबा म्हणायचे, "देवांच्या पायाला चिखल नव्हता. पुजाऱ्याच्या होता." मी सात वर्षांचा होतो. रडलो होतो. मी म्हटलं, मग ते खोटं आहे! आजोबा म्हणाले, "खोटं कसं? देव परत गेलेच की."

तू तेव्हा हसली होतीस. तू चार वर्षांची होतीस, तुला काही कळलं असेल असं वाटत नाही. पण हसली होतीस.

सेर्तोर


मेचा सहावा दिवस

रुतिला,

हे पत्र मी आत्तुसबरोबर लगेच पाठवणार नाही. आधी लिहितो, मग ठरवतो.

जत्रेनंतर सहाव्या दिवशी धनगरांनी रोममध्ये बातमी आणली, की आल्बाच्या डोंगरावर दगडांचा पाऊस पडतो आहे. वोलेरो म्हणाला, गारा असतील, धनगरांना काय कळतं. पण राजाने खात्री करायला माणसं पाठवली. वोलेरो, आणखी दोन वडीलधारे, आणि वाट माहीत म्हणून मी.

आम्ही राईच्या खाली पोहोचलो आणि दगड पडले. मी हे नीट लिहितो. वाऱ्याने गारा फेकाव्यात तसे पडले. आधी विरळ, मग दाट. काळे, अंड्याएवढे, काही त्याहून मोठे. एक माझ्या खांद्याला लागला. मी उचलून तळहातावर धरला. गार असती तर विरघळली असती. तो विरघळला नाही, उलट कोमट होता. मी वर पाहिलं. वर आभाळ होतं. ते दगड कुठून आले हे मला माहीत नाही, आणि मी तुला कधी विचारणार नाही. मला वाटतं, तुलाही माहीत नसावं.

पण नंतरचं मला माहीत आहे.

दगड थांबले. सगळे झाडाच्या बुंध्याला चिकटून उभे होते. माथ्यावरच्या राईतून आवाज आला. मोठा, उंच.

"आल्बाच्या माणसांनो! देशाबरोबर देवही टाकलेत? तुमची पूजा — तुमच्या रीतीने करा!"

तिथे, 'पूजा' या शब्दानंतर, एक श्वास होता. तू पाच वर्षांची असताना तळ्यातल्या माशाचा काटा तुझ्या घशात अडकला. आईने उलटं धरून पाठीत धपाटे घातले तेव्हा निघाला. तेव्हापासून मोठ्याने बोलताना तू मध्येच तसा श्वास घेतेस. अग्नीच्या मंदिरात तुझे मंत्र ऐकणाऱ्या प्रत्येकाने तो ऐकला आहे. पण ती माणसं आता केलिअसवर आहेत. डोंगरावर त्या दिवशी तो ओळखणारा मी एकटा होतो.

वडीलधाऱ्यांपैकी एक जमिनीवर पालथा पडला होता. वोलेरो मात्र उभा होता. तो घाबरला होता, पण बुद्धी शाबूत होती. त्याने माझा दंड धरला.

"लेखनिक, तुम्ही इथले. इथे वर कुणी राहतं?"

"कुणी नाही. राईत कुणी राहत नाही."

"बाईचा आवाज होता."

"उंच होता."

"माझ्याकडे बघा. तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. स्वतःच्या घराला चुन्याचा पट्टा मारला नाहीत तुम्ही. आमच्या नायकाने सगळ्या रोमला सांगितलंय ते. म्हणून तुम्हाला विचारतो, या दोघांना नाही. हा आवाज माणसाचा होता का? तुम्ही आधी कधी ऐकलाय?"

रुतिला, मला तेव्हा खरी वाक्यं सुचली. दोन-तीन तरी सुचली. 'राईतला आवाज कुणाचा ते कोण सांगणार' हे एक. 'डोंगरावर आवाज फसवतात' हे दुसरं. त्यातलं एखादं बोललो असतो तर माझ्यापुरतं सगळं स्वच्छ राहिलं असतं. पण तो माणूस हुशार आहे. असं वाक्य ऐकलं असतं तर त्याने राईत माणसं घातली असती.

मी म्हटलं, "हा आवाज मी आयुष्यात कधी ऐकलेला नाही."

 मग त्याने दंड सोडला आणि तोही गुडघ्यांवर बसला. मीही बसलो. उभा राहिलो असतो तर बरं दिसलं नसतं.

उतरताना तो दगड माझ्या मुठीतच होता. मी तो तपासला. अजून कोमट होता.

सेर्तोर


मेचा बाविसावा, आपल्या मेचा शेवटचा दिवस

रुतिला,

रोमचा कितवा ते मी आज लिहीत नाही.

नऊ दिवसांचं व्रत झालं. दगड पडले की नऊ दिवस व्रत करायचं असं आता इथे ठरलं आहे; पुढेही तसंच चालेल असं वोलेरो म्हणतो. मग जत्रा पहिल्यापासून. नवी कालवड, नवं दूध. सगळी गावं पुन्हा डोंगरावर. आरिकियाच्या लोकांनी मला शिव्या दिल्या. त्यांना वाटतं मी नावं पुकारताना खोकलो असणार. नोमेन्तुमचा एक जण म्हणाला, "तुमच्या घराण्यात छाती कच्चीच." मी खोकून दाखवलं. लोक हसले.

यादी मीच लिहिली. आल्बाचं नाव पहिलं नाही, तिसावं आहे. याहून वर ते मान्य करेनात. मी फार भांडलो नाही.

या वेळी केलिअसवरून आपली माणसं येऊ दिली. मानिआ तीन माणसांच्या आधाराने चढली आणि पूर्ण वाटभर तिघांनाही शिव्या घालत होती. मी तिसावं नाव पुकारलं तेव्हा तळ्यापर्यंत ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. मानिआ म्हणाली, "अर्ध्या वाटेपर्यंत गेलं असेल. बापाची सर नाही." ताट नव्हतं, म्हणून तिने तिच्या डोक्यावरचा रुमाल पुढे केला. वाटा हाताच्या पंजाएवढा होता. सगळ्यांनी नखाएवढा नखाएवढा घेतला.

मी तुला शोधलं नाही. तू आली असशील तर चांगलं, नसशील तर त्याहून चांगलं. कारण आता एक गोष्ट कायमची झाली आहे, आणि ती मला तुला सांगायलाच हवी. वोलेरो दर वर्षी डोंगरावर असेल. त्याचे कान चांगले आहेत. तू त्याच्यासमोर कधी मोठ्याने बोलायचं नाहीस. आपली पूजा आपल्याला परत मिळाली, पण मंत्र दुसरी कुणीतरी म्हणेल. तिला तू घरात शिकव, हळू आवाजात. आणि मीही बोविलीला येणार नाही. एका घरात भाऊ-बहीण बोलताना कुणी ऐकलं, तर ज्याने तो आवाज कधी ऐकला नव्हता तो मी, तेव्हा काय सांगू?

दुसऱ्यांदा मी तुझं काहीतरी पाडलं. फरक एवढाच, की या वेळी तूच आधी दोर लावला होतास.

चुना उरला होता हे मी तुला मागे लिहिलं. आता दोन हातांचा हिशोब लागला असं मी म्हणणार नाही. लागलेला नाही. आढं पडलंच आहे. पण आज सकाळी उठलो आणि मोठ्याने म्हटलं, आज बाविसावा. फळीकडे बघून म्हटलं. मग पेज घेतली. ती गरम होती, जीभ भाजली. दिवसभर दुखते आहे. हे कळवण्यासारखं आहे असं वाटलं.

आत्तुसबरोबर मागची आणि ही, या दोन पाट्यांशिवाय आणखी एक गोष्ट पाठवतो आहे. लोकरीत गुंडाळली आहे. आईचं घर आहे. आत्तुसला सांगितलं, सांभाळून ने. तो म्हणाला, "एवढंसं घर? माझं खेचर याहून मोठं घर खाऊन टाकेल." मग त्याने ते मिठाच्या दोन पोत्यांच्या मध्ये ठेवलं आणि पहिल्यांदाच खेचराला हळू हाकलं. छप्पर एका बाजूला कललं आहे, ते माझं काम. दाराची खुंटी घट्ट आहे, काढू नकोस. आत राखेबरोबर वाट्यातला तुकडा आहे, वाळवून ठेवला होता. आपला उंबरा होता तिथला दगड अजून असेल. तो जड आहे, कुणी नेला नसेल. त्याच्या आतल्या बाजूला पुर. दार तळ्याकडे कर, म्हणजे ती बसायची तसं.

आधीची एकही पाटी परत पाठवू नकोस. माझ्याकडची, तुझ्या ठशाची, मी आज पुसणार आहे. या दोन्ही वाचून झाल्या की तूही पूस. आत्तुस खेचराला पाणी पाजेल तेवढ्यात. मागे तू पुसायचीस तेव्हा मला वाटायचं, निदान एक ओरखडा ठेवायला हवा होता. आता नको.

मेण विस्तवापाशी धर, मऊ झालं की सपाट कर. अंगठ्याने नको. ठसा राहतो.

सेर्तोर